पांढरी बाजू वर

१

वैशाखात बोरी गावची हवा उजाडायच्या आधीच तापलेली असते. त्या वेळी ईश्वरअप्पांच्या घरात होणारे आवाज ठरलेले होते. आधी न्हाणीघरात तांब्याचा, मग बसम्मांच्या ओल्या पावलांचा आणि मग बाहेरच्या खोलीतून एक बारीक, कोरडा आवाज. टक्.

अप्पा तेव्हा देवघरात पूजेला बसलेले असत. डाव्या तळहातावर इष्टलिंग, उजव्या हाताच्या बोटांना भस्म. तो आवाज आला की मिटल्या डोळ्यांनीच त्यांना कळायचं, ही उठली, हिची आंघोळ झाली, आजचा दिवस लागला. पूजा आटोपून इष्टलिंग गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवत ते बाहेरच्या खोलीत येत, घसा खाकरत, आणि आपला टक् वाजवत. मग आसन मोकळं झालं म्हणून बसम्मा पूजेला बसत.

"फिरकी फिरवायला बी खाकरायचं काय?" बसम्मा म्हणायच्या. "पाटी काय तुमचा विद्यार्थी हाय?"

ती पाटी सागवानाची होती, वहीएवढी, पुढच्या दारासमोरच्या भिंतीला टांगलेली. तिच्यावर दोन लाकडी फिरक्या, खिडकीला आतून लावायला असतात तशा, पण गोल आणि चिमटीत मावतील एवढ्या. प्रत्येकीचा अर्धा भाग पांढरा, अर्धा काळा. डावीखाली 'बसम्मा' लिहिलेलं, उजवीखाली 'ईश्वरअप्पा'. सकाळी उठल्यावर ज्यानं त्यानं आपली फिरकी फिरवून पांढरी बाजू वर करायची, दिवेलागणीला काळी. एवढंच काम.

पाटी आणली होती नातीनं. शिवरंजनी पुण्यात वस्तूंचं डिझाईन शिकत होती. अजून न आलेल्या काळातल्या वस्तू कल्पायच्या, त्या हातानं बनवायच्या आणि आजच्या घरात नेऊन ठेवायच्या, असा तिचा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प होता. तिनं मराठवाड्यातलं पुढचं एक घर कल्पलं होतं. त्या घरात दुपारी बाहेर पडू नका म्हणून सांगणारी उन्हाची घंटा होती, ग्रामपंचायतीनं कुलूप घातलेली पाण्याची घागर होती, आणि ही हजेरीची पाटी.

होळीच्या सुमारास ती पुण्याची गाडी देवगाव फाट्याला सोडून एसटीनं बोरीला आली आणि तिनं आधी खिळाच मागितला.

"ही चालते कशावर?" अप्पांनी पाटी उलटी करून विचारलं होतं. मागं नुसतं लाकूड होतं.

"चालत नाही, अप्पा. चालायची नाहीच. त्या काळात गावात फक्त म्हातारी माणसं उरलेली असतील. इथं पांढरी बाजू वर आली की तिकडं बाबांच्या घरातल्या पाटीवरही वर येईल, असं समजायचं."

"बिघडलेली यंत्रं मी जन्मभर बघितली. मुद्दाम बिघडलेलं बनवलेलं पहिल्यांदाच बघतोय."

बसम्मा चहा गाळत होत्या. "म्हंजे आमी जित्ते हाव का न्हाई ते राजेश्वरला भिंतीवर दिसनार," त्या म्हणाल्या. "फोन करायचं पोराचं कष्ट वाचलं."

"आणि एखाद्या सकाळी पांढरी बाजू वर आलीच नाही तर?" अप्पांनी विचारलं.

शिवरंजनीनं पाटी त्यांच्या हातातून घेतली. "तेच लोकांनी विचारायला पाहिजे. या वस्तू विकायला नसतात, अप्पा. असलं जग आपल्याला चालेल का, हे विचारायला असतात."

जाताना तिनं सांगितलं, प्रकल्पाच्या प्रदर्शनात पाटी वीस वर्षं वापरलेली दिसायला हवी. पॉलिश पेपर आणि चहाचं पाणी वापरून झीज करता येते, पण ती खोटी कळते. "तुम्ही दोघं उन्हाळाभर खरंच वापरा. हात कुठं लागतो ते मी येऊन बघेन, आणि तिथंच झीज चढवेन. झिजेतलं तुमच्याएवढं कुणाला कळतं?"

हे खरं होतं. ईश्वरअप्पांनी परभणीला कृषी महाविद्यालयात यंत्रं शिकवण्यात हयात घालवली होती, आणि काळ्या मातीत पेरणीच्या पाभरीचे फण कसे झिजतात यावर डॉक्टरेट मिळवली होती. औताची मूठ बघून ते औत धरणारा डावरा की उजवा, उंच की बुटका, हे सांगत. त्यांना स्वतःच्या बाकी कशाचीच खात्री नसे. दाराची कडी लावली की नाही हे बघायला ते पुन्हा पुन्हा उठत, विद्यार्थ्यांना कधी काळी चुकीचं शिकवलं असेल का, हे अजून आठवत बसत. पण झीज त्यांना वाचता यायची. झीज खोटं बोलत नाही, एवढं एक वाक्य ते आयुष्यभर न अडखळता बोलले होते.

२

त्या वैशाखात बसम्मांना चक्कर आली. दारातल्या रांजणाचं पाणी काढता काढता त्या खाली बसल्या आणि शेजारच्या कमलबाईंनी हाक मारली तेव्हा कुठं अप्पांना कळलं. जिंतूरच्या डॉक्टरांनी नाडी बघितली, बराच वेळ छातीला नळी लावली आणि सांगितलं, परभणीला जाऊन हृदयाची तपासणी करून घ्या, लांबवू नका.

"करू की," बसम्मा म्हणाल्या. "ऊन जरा उतरू द्या."

"ते लांबवू नका म्हणाले."

"त्येंना काय, ते पंख्याखाली बसलेत."

येत्या सोमवारी जायचं असं अप्पांनी ठरवलं. कमलबाईंचा मुलगा महारुद्र जीप चालवायचा, त्याला सांगून ठेवलं.

त्याच आठवड्यात एका सकाळी अप्पा खाकरले, आपल्या फिरकीकडे हात नेला, आणि तो हात मध्येच थांबला.

बसम्मांची फिरकी झिजलेली होती.

पांढऱ्या भागाच्या कडेचा रंग उडून खालचं लाकूड उघडं पडलं होतं. उघडं पडलेलं लाकूड नवं, खरखरीत नव्हतं. ते तुपाळ, गुळगुळीत होतं, जुन्या खाटल्याच्या दांडीसारखं. एका बाजूला तर चक्क खळगा पडला होता, चमच्याच्या टोकाएवढा. अप्पांनी आपली फिरकी बघितली. ती काल रंगवल्यासारखी चकचकीत.

काल ती अशी होती का? अप्पांना आठवेना. रोज बघायच्या गोष्टीकडे माणूस बघत नाही. रंग कच्चा असेल, हा पहिला विचार. मग दोन्हींना एकाच डब्यातला रंग असणार, हा दुसरा. बांगड्या घासत असतील. पण बसम्मांच्या हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या, त्या मनगटाच्या पुढं येत नव्हत्या.

"तू ही फिरकी कशानं घासलीस का?"

"तुमच्या पाटीला हात लावायला मला फुरसत कुठं हाय? सकाळी फिरवायची, संध्याकाळी फिरवायची. सासूबाईसारखं झालंय ते."

अप्पांनी चष्मा पुसला आणि पुन्हा बघितलं. सागवान इतकं झिजायला काय लागतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. एक उन्हाळा पुरत नाही. रोज एकच हात, एकाच ठिकाणी, अंगठ्याचा तोच दाब, आणि वर्षं. पुष्कळ वर्षं.

३

त्यांनी पाटीचा फोटो शिवरंजनीला पाठवला. तिचा लगेच फोन आला.

"अप्पा, कमाल केलीत. कसं केलं हे?"

"मी काही केलं नाही."

"मी हातानं केलं असतं तर एवढं जमलं नसतं. ही खरी वाटते. खरंच वीस वर्षांची वाटते." मग ती हसून म्हणाली, "पण तुमची का सोडलीत? अम्माचीच घासलीत, तुमची नवीच ठेवलीत. लोक विचारतील ना, हे आजोबा कुठं गेले म्हणून."

अप्पांनी फोन कानापासून दूर धरून पाटीकडे बघितलं. रेंज गेली असं समजून तिनं फोन ठेवला.

दुपारी बसम्मा आतल्या खोलीत पडल्या होत्या. अप्पांनी पेचकस आणला, दोन्ही फिरक्या काढल्या, आणि अदलाबदल करून बसवल्या. झिजलेली स्वतःच्या नावावर, नवी बसम्मांच्या नावावर. शास्त्रज्ञानं करायचं ते हेच, म्हणजे एक गोष्ट बदलायची आणि बघायचं.

दुसऱ्या दिवशी पूजा करून ते बाहेर आले, तेव्हा झिजलेली फिरकी बसम्मांच्या नावावर होती.

पेचकस खिडकीत पडलेला होता, त्यांनी ठेवला तिथंच. म्हणजे तो आणला होता हे नक्की. फिरक्या काढल्याचंही आठवत होतं. पण बसवताना खरंच बदलल्या, की काढल्या तशाच परत बसवल्या? ते पाटीसमोर उभं राहून स्वतःचीच उलटतपासणी घेत राहिले. या वयात माणूस चष्मा डोळ्यावर ठेवून चष्मा शोधतो. आपली साक्ष आता कोर्टात टिकायची नाही, असं त्यांनी स्वतःला सांगितलं.

पुन्हा बदलून बघायचं धैर्य मात्र झालं नाही.

४

त्या दुपारी उन्हानं पत्रे तडतडत होते आणि अप्पा खुर्चीत बसून पाटीकडे बघत होते. नातीचं ते हसत बोललेलं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. आजोबा कुठं गेले.

झीज खोटं बोलत नाही. पाटी तर होळीला आलेली, म्हणजे ही वर्षं अजून यायची आहेत; बसम्मांची फिरकी वर्षानुवर्षं फिरत राहणार. आपली नाही. याचा अर्थ लावायला डॉक्टरेट लागत नव्हती.

आधी त्यांचे तळपाय गार पडले. मग हळूहळू, त्यांना स्वतःलाच नवल वाटावं असं, अंगातलं काहीतरी सैल झालं. दोघांत आधी कोण, हा प्रश्न त्या घरात कधी तोंडावर आला नव्हता, पण रात्री एकाचा श्वास अडकला की दुसरा जागा व्हायचा तो त्यामुळंच. आता उत्तर मिळालं होतं. आपण आधी. तिच्याशिवायच्या सकाळी आपल्या वाट्याला नाहीत. हे किती स्वार्थी आहे, हेही त्यांना लगेच कळलं, आणि ते खाली बघत बसले.

या विचाराला चिकटून दुसरा विचार आला. तिला काही होत नाही. तिची तर अजून पुष्कळ वर्षं आहेत.

रविवारी संध्याकाळी बसम्मा म्हणाल्या, "उद्याचं राहू द्या की. कमलबाईच्या घरी शेवया हायेत, मला बोलावलंय. आन् लय ऊन हाय. पुढल्या आठवड्यात जाऊ."

दुसरा कुठलाही आठवडा असता तर अप्पांनी वाद घातला असता. त्यांनी पाटीकडे बघितलं. डावी फिरकी, तुपाळ, खळगा पडलेली.

"बरं," ते म्हणाले. "राहू दे."

बसम्मांनी मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. "एवढ्या लौकर ऐकलं?"

५

मग अप्पा कामाला लागले. बसम्मांनी आयुष्यात कधी हात न लावलेल्या गोष्टींची त्यांनी एकेक शिकवणी सुरू केली. बोअरच्या मोटरचं स्टार्टर कसं दाबायचं, इन्व्हर्टरमध्ये पाणी कधी घालायचं, मोबाईलवर राजेश्वरला चेहऱ्यासकट फोन कसा लावायचा.

"हिरवं दाबायचं. हिरवं. ते लाल झालं."

"हिरवं दाबलं की लाल व्हतंय, ह्याला मी काय करू?" बसम्मा वैतागल्या. "आन् तुमी असताना मी कशाला शिकू? तुमी कुठं जायलाव?"

"कुठं नाही. माहिती असावी."

"कमलबाई, ऐका वो," बसम्मांनी कुंपणापलीकडे हाक दिली. "ह्येंनी संन्यास घ्यायचं ठरिवलंय. मोटर माझ्या गळ्यात घालून चाललेत."

"जाऊ द्या की, अम्मा," कमलबाई शेवयांची काठी उन्हात ठेवत म्हणाल्या. "तेवढीच तुमाला उसंत. सकाळी खाकरायचा आवाज तर बंद व्हईल. आमच्या घरापर्यंत येतोय."

दोघी हसल्या. हसता हसता बसम्मांनी छातीवर हात धरला, दम घेतला, आणि पदरानं तोंड पुसलं. अप्पांनी ते बघितलं. बघून त्यांनी मोटरच्या स्टार्टरचं झाकण लावलं.

एक दिवस सकाळी ते गावाबाहेर समाजाच्या रुद्रभूमीवर जाऊन आले. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत, बसवून पुरतात. मांडी घातलेली, कपाळाला भस्म, डाव्या तळहातावर त्याचं स्वतःचं इष्टलिंग, जे जन्मभर गळ्यात होतं तेच. कडेला एका कडुनिंबाखाली जागा मोकळी होती. अप्पा तिथं उभे राहिले आणि मातीखाली बसलेल्या एका आकृतीची त्यांनी कल्पना केली. तिला चेहरा द्यायची गरज वाटली नाही. ती आपली, हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

परतताना मन शांत होतं. इतकं शांत, की या शांततेत काहीतरी चुकतंय, असंही त्यांना वाटून गेलं. पण असं तर त्यांना नेहमीच वाटायचं.

६

त्यानंतरच्या एका सकाळी अप्पांची पूजा संपत आली तरी टक् ऐकू आला नाही.

ते तळहातावर लिंग धरून बसून राहिले. न्हाणीघरात तांब्याही वाजला नव्हता. शेवटी उठून आतल्या खोलीत गेले. बसम्मा खाटेवर होत्या, डोळे उघडे.

"उठवंना गेलंय," त्या म्हणाल्या. "अंगातली ताकदच कुनी काढून घेतल्यावानी. पडते जरा. चहा तुमीच करा."

चेहरा मातकट दिसत होता. अप्पांनी चहा केला, तो बसम्मांनी अर्धाच घेतला. बाहेरच्या खोलीत येऊन अप्पांनी पाटी बघितली. बसम्मांची फिरकी काळीच होती. ती आपण फिरवावी असं त्यांच्या मनात आलं, पण त्यांनी हात लावला नाही. ज्याची त्यानं फिरवायची. पेचकसाची ती एक दुपार सोडली, तर आजवर त्यांनी तिच्या फिरकीला बोट लावलेलं नव्हतं. त्यांनी आपलीही फिरवली नाही, आणि आत जाऊन बसम्मांच्या पायाशी बसले.

त्या झोपल्या. बाहेर ऊन चढलं. वीज गेली, पंखा फिरत फिरत थांबला, आणि घर एकदम ऐकू यायला लागलं. पत्रा, माठातलं पाणी पाझरणं, बसम्मांचा श्वास.

टक्.

अप्पा बसल्या जागी ताठ झाले. लाकूड उन्हानं आकसतं, हे त्यांनी पुस्तकात लिहिलं होतं. आकसताना आवाज होतो. त्यांनी हे सगळं मनात क्रमानं म्हटलं आणि मगच उठले.

बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. पुढचं दार आतून लावलेलं. पाटीवर त्यांची स्वतःची फिरकी काळी होती. बसम्मांची पांढरी बाजू वर होती.

त्यांनी कपाटातून भिंग काढलं. विद्यार्थी झिजलेले फण घेऊन यायचे तेव्हा ते याच भिंगातून बघत. ते खिडकीची एक झडप उघडून फिरकीवर वाकले आणि इतके दिवस जे वाचायचं राहिलं होतं, ते त्यांनी वाचलं.

झिजलेल्या लाकडाच्या रेषांमध्ये राखाडी काहीतरी भरलेलं होतं. वरवर नाही. खोल, थरावर थर, वर्षानुवर्षं दाबलेलं. आणि सगळ्यात वर एक थर ताजा, कोरडा, बोट लावलं तर उडेल असा. भस्म.

बसम्मा फिरकी फिरवत त्या आंघोळीहून आल्या आल्या, ओल्या हातानं, पूजेच्या आधी. संध्याकाळी फिरवत ती भांडी घासून झाल्यावर. त्यांच्या हाताला त्या वेळी कधीच भस्म नसायचं. पूजेवरून उठून, बोटं न धुता, या पाटीपाशी येणारं माणूस या घरात एकच होतं.

अप्पा भिंग धरून उभे राहिले. औताची मूठ हातात आली की ते आधी विचारायचे, धरणारा कोण. जन्मात पहिल्यांदा ते विचारायला विसरले होते. कुठली फिरकी झिजली एवढंच त्यांनी बघितलं. कुणाच्या हातानं, ते बघितलं नाही. कारण जे उत्तर मिळालं ते त्यांना हवं होतं.

त्यांच्या उजव्या हाताची तर्जनी वाकडी होती. तरुणपणी मळणीयंत्राच्या पट्ट्यात सापडलेली, मधल्या पेराशी कायमची आखडलेली. पेन धरताना ती बाजूला राही, कडी लावताना आडवी येई. कुठलीही वस्तू ती तिच्या पद्धतीनंच धरायची. अप्पांनी हात उचलला. तो परत खाली घ्यावा असं त्यांना फार वाटलं. मग त्यांनी ते वाकडं बोट बसम्मांच्या फिरकीवरच्या खळग्यात ठेवलं.

ते बसलं. कडेला केसाएवढीही फट राहिली नाही. अंगठा आपोआप पलीकडच्या गुळगुळीत जागेवर गेला, जणू त्याला रोजची सवय होती.

दचकून हात मागे घेताना फिरकी फिरली आणि काळी बाजू वर आली.

उजवीकडची, त्यांची स्वतःची, नवीकोरी चमकत होती. म्हणजे पुढच्या वर्षांतला तो माणूस स्वतःची हजेरी कधी लावणारच नव्हता. रोज सकाळी पूजेवरून उठून यायचं, आणि काळी बाजू बघवत नाही म्हणून तिची तेवढी पांढरी करायची. वर्षानुवर्षं. आपण असं करू का, हे त्यांनी स्वतःला विचारून बघितलं. प्रत्येक गोष्टीत शंका काढणाऱ्या त्या माणसाला यात एकही शंका काढता आली नाही.

कडुनिंबाखाली मातीत बसलेल्या आकृतीला आता चेहरा आला होता. तिच्या हातात काचेच्या दोन-दोन बांगड्या होत्या.

७

"आत्ता?" बसम्मा म्हणाल्या. "ह्या उन्हात? येड लागलं का तुमाला?"

"आत्ता. महारुद्रला बोलावलंय. ऊठ, माझा हात धर."

"सोमवारी जाऊ म्हनलाव न्हवं?"

"चुकलं माझं. ऊठ."

त्यांच्या आवाजात काय होतं कोण जाणे, बसम्मांनी पुढं वाद घातला नाही. कमलबाई धावत आल्या, त्यांनी बसम्मांना दुसऱ्या बाजूनं धरलं. जीपच्या मागच्या सीटवर उशी टाकून त्यांना टेकवलं. महारुद्रनं इंजिन चालू ठेवलं होतं.

"काका, पानी घ्या संगं," तो म्हणाला. "वाटंत उकळतं मिळंल."

पाण्याची बाटली आत राहिली होती. अप्पा परत फिरले.

बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर खोली काळीकुट्ट दिसली. खिडकीची झडप कुणीतरी लावून घेतली होती. कमलबाईंनी असेल. अर्धवट लोटलेल्या दारातून उन्हाची एक उभी पट्टी आत पडली होती, ती सरळ समोरच्या भिंतीवर, पाटीवर. तेवढाच भाग उजळ होता. बाकी सगळा अंधार.

त्या पट्टीत एक हात होता.

नुसतं मनगट आणि हात, त्याच्यामागचं सगळं अंधारात. कातडी सुटलेली, डागांनी भरलेली, अप्पांच्या हातापेक्षा खूप म्हातारी. बोटांना ओलं भस्म. तर्जनी मधल्या पेराशी वाकडी. तो हात डाव्या फिरकीवर टेकलेला होता आणि तिला फिरवत नव्हता. नुसता टेकलेला होता, जसा आपण तापलेल्या माणसाच्या कपाळावर ठेवतो. तो कशाची तरी वाट बघत होता, किंवा बळ गोळा करत होता.

मनगटाच्या वर जिथं चेहरा असायला हवा, तिकडं अप्पांनी बघितलं नाही. बघितलं असतं तर तिकडं काही होतं की नव्हतं, हे त्यांना आयुष्यभर सांगता आलं असतं. पण त्यांनी बघितलंच नाही.

बाटली तिथंच राहिली. ते मागच्या मागं पायरीवर आले, दार ओढलं, कडी घातली, कुलूप लावलं. कुलूप लागलंय का ते त्यांनी ओढून बघितलं नाही.

जीप दारालगतच उभी होती. ते बसम्मांच्या शेजारी बसले आणि त्यांचा हात आपल्या हातात घेतला. तो घामेजलेला आणि हलका लागला. अंगठ्याखाली नाडी होती. मध्येच एखादा ठोका गाळून पुन्हा लागत होती.

"पानी आनलं न्हाई?"

"वाटेत घेऊ."

"आन् पाटी? आज मी फिरवलीच न्हाई."

"राहू दे."

महारुद्रनं इंजिन बंद केलं आणि काचेवरची धूळ पुसायला तो खाली उतरला. कमलबाई आपल्या घरात परतल्या होत्या; गल्लीत माणूस नव्हतं, कुत्रं नव्हतं. त्या शांततेत कुलूप लावलेल्या घरातून कुणीतरी घसा खाकरला. रोजच्यासारखा, एकदाच. आणि मग तो बारीक, कोरडा आवाज आला.

टक्.

बसम्मांनी उशीवरची मान उचलली. त्यांनी दाराकडे बघितलं, मग शेजारी बसलेल्या नवऱ्याकडे, मग पुन्हा दाराकडे.

"आवो," त्या हळूच म्हणाल्या. "तुमच्यावानीच खाकरलं. आत कोन हाय?"

अप्पांचा घसा दाटून आला होता. बोलायच्या आधी तो मोकळा करायला हवा होता, पण त्यांनी तो मोकळा केला नाही.

"कुणी नाही," ते तशाच आवाजात म्हणाले आणि त्यांनी महारुद्रला गाडी काढायला सांगितली.